खोटी हाक

"माणसं कुठायत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

नदीकाठी खरंच चिटपाखरू नव्हतं. रस्त्यापासून थेट पाण्यात उतरलेला जुना दगडी उतार, त्यावर ओंडक्यांवर टेकवलेली मोठी होडी, आणि होडीपाशी आत्या. होड्या बांधणाऱ्या घरातली ती, सगळ्या गल्लीची आत्या. बाकी वरच्या गल्लीतली झाडून सगळी दारं बंद. बंद का, तर तिच्या भाचीनंच काल घरोघर जाऊन बजावलं होतं, की उद्या कोर्ट जागेची पाहणी करायला येतंय, कोर्टाला गर्दी खपत नाही, कुणी बाहेर पडायचं नाही. भाची म्हणजे गल्लीची वकील. एरवी ही गल्ली कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आज मात्र शहाण्यासारखी ऐकून बसली होती!

"माणसं नाहीतच, मॅडम." कंपनीचे वकीलसाहेब पुढे झाले. पायांत चकचकीत बूट, जिभेवर साखर. "ही जागा कधीच मेली. आम्ही इथं बाकं टाकू, दिवे लावू, मागे इमारती उभ्या राहतील. हे लोक उगाच राईचा पर्वत करतायत."

न्यायाधीशबाई भाचीकडे वळल्या. "तुमच्या अर्जात म्हटलंय की होडी ओढायची झाली की इथं एक हाक देतात. ऐकणारा असेल तसा धावत येतो, वैरीसुद्धा. आणि हाक देणारा 'सोडा' म्हणेपर्यंत कुणी हात काढत नाही. खरं आहे?"

"अगदी खरं, मॅडम."

"मग द्या हाक. माणसं येत असतील तर जागा जिवंत आहे. मला बघू दे."

भाचीला देवच पावला. "आत्या, दे!"

आत्या जागची हलली नाही. "होडी कुठं हलतेय?"

"अगं आत्या, त्या स्वतः म्हणतायत ना!"

"म्हणू देत. होडी जागच्या जागी आणि मी हाक देऊ? खोटी हाक देत नाहीत, पोरी. एकदा दिली की खऱ्या वेळी कोण उठेल?"

"कोर्टाची स्थगिती उठली तर उद्या इथं बुलडोझर येईल! कळतंय का तुला?"

"मला कळत नाही होय?" आत्याचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलंही नाही. "पण खोटी हाक मी नाही देणार."

भाचीनं कपाळावर हात मारून घेतला. वकीलसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. न्यायाधीशबाई उतार उतरून पाण्याच्या कडेला गेल्या आणि नदीकडे बघत उभ्या राहिल्या. आता बघण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

वकीलसाहेबांच्या बुटाला चिखल लागला होता. समोर होडीखाली ठोकलेली लाकडी पाचर दिसली, म्हणून त्यांनी तिच्यावर बूट आपटला. चिखल निघेना. मग जरा जोरात आपटला.

पाचर निसटली.

होडी आधी नुसती कुरकुरली. मग खालचे ओंडके फिरायला लागले. खाली, होडीच्या बरोबर वाटेत, न्यायाधीशबाई पाठमोऱ्या उभ्या.

"हाऽऽत!"

काय ती हाक! एवढ्याशा आत्याच्या छातीत एवढा आवाज मावला तरी कसा, कोण जाणे. पलीकडच्या काठानं तो परत पाठवला.

आणि दारं उघडली. एकूण एक. साबणानं भरलेले हात आले, पिठानं भरलेले हात आले. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून एकजण आला. काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघी जावा खांद्याला खांदा लावून होडीला भिडल्या. भाची काळ्या कोटासकट चिखलात. सगळ्यांच्या पुढे होता तो तिचा बाप, आत्याचा सख्खा भाऊ. कंपनीच्या कागदावर सही करून बसलेला, तेव्हापासून बहिणीशी अबोला धरलेला. त्यानं होडीला बांधलेला दोर कमरेला वेढला आणि दगडावर टाचा रोवल्या. वकीलसाहेबही दात-ओठ खाऊन फळी धरून होते. बिचाऱ्यांना तरी दुसरं काय सुचणार!

होडी मंदावली. थांबली. न्यायाधीशबाई बाजूला झाल्या नव्हत्या. त्यांनीही दोन्ही तळवे होडीच्या तोंडाला लावले होते.

कुणीतरी पाचर परत ठोकली. मग ते हातही होडीला लागले. आता नुसते श्वास ऐकू येत होते, आणि पाणी.

आत्या बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत हातच हात. होडीचं लाकूड दिसेना. गेल्या कित्येक रात्री तिला एकच धास्ती होती, हाक द्यावी आणि कुणी येऊच नये. ती कुणाजवळ बोलली नव्हती, भाचीजवळसुद्धा नाही. तिनं भावाकडे बघितलं. तोही तिच्याकडेच बघत होता, दोर घट्ट धरून. आत्यानं पदर तोंडाला लावला.

होडी कधीची स्थिर झाली होती. तरी कुणी हललं नाही.

"झालं ना आता?" वकीलसाहेबांनी हळूच विचारलं. "सोडायला हरकत नाही ना?"

"थांबा, वकीलसाहेब," होडीच्या पुढून न्यायाधीशबाईंचा आवाज आला. "बाईंनी अजून 'सोडा' म्हटलेलं नाही."