सगळ्यांचं गाणं

त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मंडळात सगळी गाणी सामायिक मालकीची होती. एकानेही नको म्हटलं, तर गाणं बाहेर कुणालाच वापरायला द्यायचं नाही, असा नियम.

"एका सिनेमाला आपलं गाणं हवंय," गायिका म्हणाली.

बासरीवाला सोडून सगळ्यांचे हात वर गेले. म्हणजे पुन्हा हिचाच उदोउदो! वर्षानुवर्षं आपण हिच्या पाठीमागे बसून फुंकतोय, तर आपल्याला कुत्रंही विचारत नाही.

"माझा नकार आहे," तो म्हणाला.

तिने त्याला जिन्यात गाठलं. आता ही भांडणार, म्हणून तोही बाह्या सरसावून उभा राहिला.

"वाचवलंस रे बाबा," ती म्हणाली. "माझा आवाज काढून त्यांना नुसती तुझी बासरी हवी होती. सांगायला जीभच रेटेना. आठवडाभर जळत होते मी."