भुशाच्या भिंती

“दोन-दोन भिंती कशाला रे? एकीनं भागत नाही?” तैस्तोनं खालून विचारलं.

रेइनो शिडीवर होता. दोन भिंतींमधल्या पोकळीत टोपलीनं लाकडाचा भुसा ओतायचा आणि काठीनं ठासायचा, असं त्याचं सकाळपासून चाललं होतं. “ऊब धरते,” तो म्हणाला.

“अरे, एवढा भुसा ठासलास तर आत डुक्कर कापलं तरी बाहेर ऐकू यायचं नाही!”

तैस्तो आपल्याच विनोदावर खो-खो हसला. रेइनो हसला नाही. कॉफीची किटली घेऊन उभी असलेली त्याची बायको हिल्काही हसली नाही.

तळ्यातल्या त्या बेटावर घर रेइनो-हिल्काचंच. रेइनोचा मित्र तैस्तो पलीकडच्या काठावरून होडीनं यायचा. रेइनो होड्या बांधायचा, हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाड्या दुरुस्त करायचा, आणि ते सगळं आजवर स्वयंपाकघरात चालायचं. त्यामुळे त्यानं अंगणात सुतारशाळा बांधायला काढली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. गावातल्या बायका तर हिल्काला म्हणाल्या, “सुटलीस बाई! आता जेवणात भुसा नको.”

पण काम कधी सुरू झालं, ते हिल्काला ठाऊक होतं.

ऐन उन्हाळ्यात ती एक पिशवी घेऊन निघाली होती. ओउलूला, बहिणीकडे. पलीकडच्या काठावर बस यायला उशीर झाला आणि रेइनो आधी आला. तोंडाला दारूचा भपकारा. चारचौघांसमोर त्यानं तिची वेणी धरली आणि तिला होडीत घातलं. त्या रात्री तिचा पुढचा दात गेला. सकाळी उठल्यावर तो तिच्या सुजलेल्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग बाहेर गेला आणि कुदळ घेऊन पाया खणायला लागला.

पळणाऱ्या गाईला दावं, तसंच हे, हिल्काच्या मनात आलं.

तेव्हापासून त्यानं तिच्यावर हात उगारला नव्हता. शनिवारी वाफेच्या न्हाणीनंतर बाटली निघायची, पण पिऊन तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिला मारापेक्षा या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायची.

खिडकी बसली ती छताला लागून, जेमतेम मांजर जाईल एवढी.

“एवढीशी?” तिनं विचारलं.

“मोठी केली की ऊब जाते.”

मग त्यानं भिंतीत एक झडप कापली. सरपण बाहेरूनच आत टाकता येईल, म्हणाला. बिडाची शेगडी आली, विटांच्या ओट्यावर बसली, धुराडं छपरातून वर गेलं. शेवटी जाड फळ्यांचं दार आलं, आणि दाराला आगळ. बाहेरच्या बाजूनं.

“आत काम करणाऱ्याला बाहेरची आगळ कशाला?” हिल्कानं विचारलं.

“लागेल,” रेइनो म्हणाला आणि खिळा ठोकत राहिला.

तैस्तोची होडी त्या मोसमात शेवटची आली, तेव्हा रेइनो छपरावर होता. हिल्का धक्क्यावर धावली.

“तैस्तो, मला पलीकडे ने. बहिणीकडे जायचंय.”

तैस्तोनं टोपी मागे सारली. “न्यायला काय, नेतो की. पण रेइनोला विचारतो हं आधी. नवरा-बायकोच्या मधे पडायचं म्हणजे...”

“नको! विचारू नकोस. थट्टा केली रे.”

तैस्तो तिच्याकडे बघत राहिला, मग छपराकडे. जाताना त्यानं रेइनोला खाली बोलावलं आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलले. शेवटी रेइनोनं मान हलवली.

त्यानंतर तळं गोठू लागलं. ना धड पाणी, ना धड बर्फ. होडी चालेना, पाऊल ठरेना. हिल्का रोज सकाळी काठावर जाऊन बर्फावर दगड टाकायची. दगड बुडायचा. एके दिवशी तो बुडाला नाही, नुसता घरंगळत गेला. उद्या-परवा जाता येईल, तिनं मनाशी ठरवलं. ती वळली, तर मागे रेइनो उभा होता.

“शेगडी पेटवलीय,” तो म्हणाला. “ये, बघ.”

भाजीची सुरी तिनं बाहीत सरकवली आणि त्याच्यामागून गेली.

आत छान ऊब होती. कोवळ्या लाकडाचा वास येत होता. पण कामाचा ओटा नव्हता की एक हत्यार नव्हतं. भिंतीला खिळलेला पलंग, त्यावर गवताची गादी, पाण्याची बादली, कोपऱ्यात झाकणाचं भांडं.

“तैस्तोनं सांगितलं मला,” रेइनो दारातून म्हणाला. “तुला जायचंय ते.”

तो पुढे आला. तिनं सुरीची मूठ घट्ट धरली. तो तिच्या बाजूनं पुढे गेला आणि पलंगावर बसला.

“हो बाहेर,” तो म्हणाला. “उद्या बर्फ माणसाचा भार धरेल. मग माझे पाय आपसूक पलीकडे जातील, दारूच्या दुकानात. दारू सोडायचा शब्द किती वेळा दिला तुला, आठवतं ना? म्हणून या वेळी बोललो नाही, हे बांधलं. तैस्तोशी त्याच दिवशी ठरलंय, बर्फ धरला की तो येऊन राहणार आहे. सरपण, काळा पाव, सगळं झडपेतून टाकेल. तू बहिणीकडे जा.”

हिल्कानं वळून दाराच्या आगळीकडे पाहिलं.

“आगळ तेवढी घालून जा, हिल्का. आणि मी रडलो, शिव्या घातल्या, मेलेल्या आईची शपथ घातली, तरी मागे वळू नकोस.”