निळ्या वहीतले पासवर्ड

वही टेबलावर पडली होती आणि तिच्याकडे बघायची फेलिस्मिनाची हिंमत होत नव्हती.

निळ्या पुठ्ठ्याची साधी वही. आत अकरा जणांचे पासवर्ड. चार डॉक्टर, पाच नर्स, औषधं देणारा माणूस आणि दवाखान्याचं काउंटर सांभाळणारी ती स्वतः. प्रत्येकाचे तीन-तीन: रुग्णांच्या नोंदींचा वेगळा, औषधांच्या चिठ्ठ्यांचा वेगळा, ईमेलचा वेगळा. दर तीन महिन्यांनी संगणक नवे मागायचा. एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, जुनं काही चालायचं नाही. डॉक्टर आन्सेल्मो तर दर सोमवारी काउंटरशी येऊन कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, फेलिस्मिनाबाई, आज मी कोण आहे तेवढं सांगा. मग ती खण उघडून सांगायची. खणाला कुलूप होतं. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं.

एकतीस वर्षांत तिच्याकडून एक कागद हरवला नव्हता.

एव्होरा शहरातल्या मुख्य कचेरीतून चौकशीला आलेल्या ओडेतेबाईंनी तक्रार वाचून दाखवली. तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, काउंटरवरच्या संगणकावर डॉक्टर आन्सेल्मोंचा पासवर्ड टाकून एका बाईची फाइल उघडली गेली होती. नऊ मिनिटं उघडी होती. हल्ली आपली फाइल कोणी बघितली हे रुग्णाला घरबसल्या कळतं. या बाईने डॉक्टर आन्सेल्मोंचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. आणि डॉक्टर त्या वेळी बारा किलोमीटरवर एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी होते.

“त्या वेळी इमारतीत कोण होतं?” ओडेतेबाईंनी विचारलं.

दुपारी दीड तास दवाखाना बंद असतो, डॉक्टर म्हणाले. फरशी पुसणारी झुल्मिरा तेवढी असते.

“आणि तुम्ही जेवायला गेला होतात,” ओडेतेबाई फेलिस्मिनाकडे बघून स्वतःच म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं. फेलिस्मिनाने मान खाली घातली.

झुल्मिरा ओले हात पुसत आली. आपण त्या यंत्रावरची धूळ पुसतो, त्यापलीकडे त्यातलं काही कळत नाही, असं तिने सांगितलं. किल्ली कुठे असते ते माहीत आहे का, असं विचारल्यावर मात्र ती हो म्हणाली. ओडेतेबाईंनी तेही लिहून घेतलं. लिहायला जरा जास्तच वेळ लागला.

तेव्हा फेलिस्मिना उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“वही माझी आहे. झुल्मिराला कशाला विचारता? जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

मग डॉक्टर आन्सेल्मो खाकरले. “वही आम्ही ठेवायला लावली हो. आम्हा शिकलेल्या माणसांना तीन शब्द लक्षात ठेवता येईनात, आणि मान खाली घालायची वेळ आली फेलिस्मिनाबाईंवर.”

ओडेतेबाई विरघळल्या. इतक्या चौकश्या केल्या, पण स्वतःहून चूक पदरात घेणारं माणूस पहिल्यांदाच बघते, असं त्या म्हणाल्या. फेलिस्मिनाला एक लेखी समज दिली. वहीची पानं तिथेच फाडली. पासवर्ड सांभाळणारी एक कुलूपबंद तिजोरी त्यांनी प्रत्येकाच्या संगणकात बसवून दिली. तिचा एकच मोठा पासवर्ड तोंडपाठ करायचा, कागदावर उतरवायचा नाही, असं बजावून त्या गेल्या. सगळ्यांनी शाळेतल्यासारख्या माना डोलावल्या.

झुल्मिरावर काही सिद्ध झालं नाही. तरी सफाईच्या ठेकेदाराने तिला दुसऱ्या गावी टाकलं. दोन बस बदलून जायचं. शेवटच्या दिवशी ती फडक्यात गुंडाळलेलं बकरीच्या दुधाचं चीज घेऊन काउंटरपाशी आली.

“ताई, एवढ्या लोकांत माझ्यासाठी तुम्ही एकट्या उभ्या राहिलात. घरचं आहे, नाही म्हणू नका.”

ते चीज फेलिस्मिनाने घरी नेलं, पण सुरी काही लावली नाही. शनिवारी ती चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिली आणि पुढे दोनच माणसं उरली असताना घरी निघून आली.

रविवारी तिचा एकुलता एक मुलगा टोमे जासिंताला जेवायला घेऊन आला. सप्टेंबरात त्यांचं लग्न होतं. मुलगी उत्तरेकडची, मावशीने वाढवलेली. तिच्या मागचंपुढचं गावात कोणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला फेलिस्मिनाने हे टोमेला दोनदा बोलून दाखवलं होतं आणि मायलेकांचा आठवडाभर अबोला झाला होता. आता मात्र तिने जासिंताच्या आवडीचं शिंपल्यांबरोबरचं डुकराचं मटण केलं होतं आणि पहिली वाढणीही तिलाच दिली.

जेवणानंतर टोमे अंगणात गेला. जासिंता स्वयंपाकघरात येऊन बश्या पुसू लागली. दोन बश्या पुसून झाल्यावर ती थांबली.

“काकू, दवाखान्यात तक्रार केली ती मी.”

फेलिस्मिनाने नळ बंद केला.

“तुमच्यावर शेकेल असं वाटलं नव्हतं. टोमे म्हणाला, तुम्ही कोणाशी नीट बोलतसुद्धा नाही हल्ली. मला माफ करा.”

“तू कशाला माफी मागतेस,” फेलिस्मिना कशीबशी म्हणाली.

“माझ्या फाइलीत जे लिहिलंय ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. टोमेला काल सांगितलं. तुम्हाला गावातून कळायला नको, म्हणून आज सांगते.” तिने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. “एकोणीस वर्षांची होते. मला मुलगी झाली होती. आठ दिवस जगली.”

फेलिस्मिनाने ओले हात तोंडावर नेले, आणि गेला महिनाभर आरशासमोर घोटून ठेवलेलं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं.