तिसरा उशीर

सकाळी पावणेसहाला धीरज सरावाला मैदानावर आला आणि थबकला. कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक देवतळे सर बास्केटच्या खांबाखाली उभे होते. त्यांची बायको जाऊन तो चौथा दिवस होता. घरात सुतक, दारात पाहुणे. अशा वेळी सर येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणून पोरं जांभया देत सावकाश येत होती.

साडेपाचनंतर आलेल्या प्रत्येकाचा उशीर सरांनी वहीत मांडला. वर्षात तीन उशीर झाले की पुढच्या सामन्यात बाकावर बसायचं, हा त्यांचा नियम होता. धीरजचा हा तिसरा.

पुढचा सामना अकरा दिवसांनी, रविवारी होता. नागपूरहून विद्यापीठाच्या निवड समितीचा माणूस येणार होता. धीरज बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. विद्यापीठाच्या संघात जायची ही त्याची शेवटची संधी होती आणि ती पंधरा मिनिटांत गेली.

धीरजने या माणसाला कधीच किंमत दिली नव्हती. सर जुने कबड्डीवाले. बास्केटबॉल पुस्तकातून शिकलेले. दहा फेकींत दोन बास्केट पडत नसत, पण पोरांची नखं तपासायचे, नाड्या तपासायचे. सरांनाही धीरजचं फार कौतुक नव्हतं. तुले बॉल समजते, बाकी काही समजत नाई, असं ते सगळ्यांसमोर म्हणत. आज तर हद्द झाली, असं धीरजला वाटलं. बायकोची राख सावडून एक दिवस झाला नाही आणि हा माणूस वही घेऊन उभा.

दुपारी तो सिंदी मेघेला सरांच्या घरी गेला. सांत्वनाला नाही. पाहुण्यांसमोर त्यांची लाज काढायला.

घर माणसांनी भरलं होतं. सर मधल्या खोलीत भिंतीशी बसले होते. सगळे त्यांच्याशी हळू बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. कारंज्याहून आलेले मोठे भाऊ बबनराव सांगत होते, तेरवी झाली की नोकरी सोड, माझ्याकडे चल. मूलबाळ नाही, एकटा इथं काय करशील. सर म्हणाले, बरं. एका बाईने भाताचं ताट पुढे सरकवलं, दोन घास खा म्हणाली. सर म्हणाले, बरं. ताटाला हात लावला नाही.

धीरज दारातूनच बोलला. "सर, बायको तुमची गेली. शिक्षा आमाले काऊन?"

बबनराव उठून त्याच्या अंगावर धावले. सरांनी मान वर केली.

"तिसरा उशीर आहे," ते म्हणाले. "सामन्याले बाकावर बसजो."

मग त्यांनी ताट ओढलं आणि जेवायला लागले. धीरज थुंकून बाहेर पडला. एवढं ऐकून घेतलं आणि वर भात खातो, हे त्याने वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

त्यानंतर सर मैदानावर आले नाहीत. घरच्यांनी येऊ दिलं नाही. पोरं म्हणाली, सुटलास लेका, आता कोण बसवते तुले. धीरजलाही तसंच वाटत होतं.

तेरवीनंतर दोन दिवसांनी रविवार आला. सामना सुरू व्हायच्या आधी मैदानाच्या फाटकाशी जीप थांबली. मागे ट्रंक आणि वळकटी. सर उतरले, पाठोपाठ बबनराव. शेवटचा सामना पाहून तसंच कारंज्याला निघायचं ठरलं होतं. सरांचं डोकं भादरलेलं होतं, सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी पाच नावं वाचली. त्यात धीरज नव्हता.

उत्तरार्धातली आठ मिनिटं उरली तेव्हा संघ चौदा गुणांनी मागे होता. निवड समितीचे गृहस्थ कागद आवरायला लागले होते. बबनरावांना राहवलं नाही. ते मागून सरांना म्हणाले, अरे, खेळू दे त्या पोराले. तू तर चालला, आता कायचा नियम.

"बरं," सर म्हणाले. "जा धीरज."

धीरज उठला. अंगावरचा टी-शर्ट त्याने काढून फेकला, आत सात नंबरची बनियन होती. दोन पावलं गेला आणि थांबला. तो आवाज मैदानावरच्या सरांचा नव्हता. मधल्या खोलीत भिंतीशी बसलेल्या माणसाचा होता. त्या घरात त्या दिवशी 'बरं' सोडून हा माणूस फक्त एकदा, नियम सांगायला, बोलला होता आणि त्यानंतर जेवला होता. ते धीरजला आत्ता कळलं.

निवड समितीचे गृहस्थ त्याच्याकडे पाहत होते. पंचांनीही मान वळवली होती. धीरज परत आला आणि बाकावर बसला.

"तिसरा उशीर आहे सर," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काकू गेल्या म्हनून नियम बदलून राह्यले का तुमी?"

बबनराव संतापले. माणुसकी आहे का रे तुले, म्हणाले. आजूबाजूची पोरं खाली पाहायला लागली. सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू लाल झाला.

"मंग सरळ बस," ते खेकसले. "पाठ टेकवू नको."

आणि मागे न पाहता भावाला म्हणाले, "दादा, तुमी निघा. इथं पोट्टे माजून राह्यले."