धवळ्याची मान

लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. चाऱ्यासाठी देवणीहून निघालेल्या बैलगाड्या त्या दिवशी मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात विसाव्याला थांबल्या होत्या.

विसाव्याला जुवानं सोललेल्या माना तेलानं चोळायच्या, हा रिवाज. सरजाबाईनं तांबड्याची मान चोळली आणि नवऱ्याशी बोलता बोलता सवयीनं हात जोडीच्या धवळ्याकडं नेला. धवळ्या तर परवाच वाटेत बसला तो उठला नव्हता. धुगधुगी असतानाच त्याला सोडून, जुवाची ती बाजू आळीपाळीनं स्वतःच्या खांद्यावर घेत ते पुढं निघाले होते.

"अगं, रिकाम्या जागी काय चोळायलीस?" निवृत्ती हसला.

सरजाबाई हसली नाही. तिचा हात खाली येत नव्हता.

"अवो, जागा रिकामीच हाय," ती पुटपुटली, "पण मान हाताला ऊन लागायलीय."

तळहाताखाली धुगधुगी अजून चालू होती.