नऊ टनांचा ठोकळा

इजिप्तमधल्या हेलवानच्या बंद पोलाद कारखान्यात भंगारवाल्याने पोलादाच्या ठोकळ्यावरची खजुराची पानं लाथेने उडवली. “नऊ टन अस्सल माल, बाशा! पाठवू ना भट्टीत?” मंत्रालयातून आलेले डॉक्टर फख्री ठोकळ्याजवळ गेले. तरुणपणी प्रयोगशाळेत याच ठोकळ्याचा तुकडा त्यांनी तपासला होता. ज्या उकळत्या पोलादात एक कामगार पडला, त्याचाच हा ठोकळा; पण तुकड्यात त्या माणसाचा मागमूसही नव्हता. तरी पुढे कारखानाप्रमुख झाल्यावर त्यांनी तो विकू दिला नाही. पण देशातलं भंगार पडून राहू नये, हे आताचं सरकारी धोरणही त्यांचंच. कबरीवर वाटतात तसे पाव घेऊन ठोकळ्याशी बसलेली त्या कामगाराची म्हातारी बायको, तिनेच वाहिलेली पानं गोळा करत म्हणाली, “एकदा जळला ना माझा माणूस? पुन्हा घालताय भट्टीत?” भंगारवाला हसला. “सांगा हिला, बाशा! शास्त्रज्ञ ना तुम्ही?” फख्रींनी ठोकळ्याला हात लावला. उन्हाने तो तापातल्या अंगासारखा गरम होता. “राहू दे. आत माणूस आहे.”