तोंडातला क्रूस

“मुखवटा काढायचा आणि नाव सांगायचं. याकी जमातीचा नसेल त्याला सोडतो, बाकीचे सगळे बोटीवर,” घोड्यावर बसल्या बसल्या लेफ्टनंट दुसऱ्यांदा म्हणाला.

ज्याच्या मळ्यावर आम्ही राबायचो त्या मालकाच्या गोठ्यामागे चापायेका, म्हणजे नवसाचे मुखवटेवाले नाचे, रांगेनं उभे होते. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारची मिरवणूक अर्ध्यावर अडवलेली. लांब कानांचे चामड्याचे मुखवटे, आणि प्रत्येक मुखवट्याच्या आत दातांत धरलेला जपमाळेचा क्रूस. एकदा मुखवटा चढला की चापायेका बोलत नाही. बोलला तर नवस मोडतो, एवढं आम्हा याकींतलं शेंबडं पोरही जाणतं. लेफ्टनंटलाही कुणीतरी ते सांगितलं असणार. मेला मजेत होता.

“बोट युकातानला जाते, लांब आहे हं,” तो म्हणाला. “तिथल्या घायपाताच्या मळ्यातून परत आलेला याकी मी तरी अजून पाहिला नाही.”

कुणी हललं नाही. मग टोकाच्या एकानं मुखवटा ओढून काढला. लोरेतो होता. तोंडातला क्रूस त्यानं धुळीत थुंकला.

“मी याकी नाही, साहेब,” तो घडाघडा स्पॅनिश बोलू लागला. “इथं पोटभर खायला घालतात, म्हणून यांच्यात नाचतो. यांची बोलीसुद्धा मला येत नाही.”

रांगेतला एकही मुखवटा त्याच्याकडे वळला नाही.

बायकांना शिपायांनी चुलीपाशी दाबून धरलं होतं. लेफ्टनंटची नजर त्यांच्यावरून फिरत तोमासापाशी थांबली. लोरेतोचंच नाक, तीच हनुवटी. लपवणार कुठे?

“काय गं म्हातारे, हा तुझा ना?”

तोमासानं लोरेतोकडे पाहिलं. लहानपणी तो तापानं फणफणला होता, तेव्हा तिनंच त्याला या नवसाला वाहिलं होतं. आता हो म्हटलं तर पोरगा बोटीवर जाणार होता.

“माझा नाही, साहेब.”

“मग तुझा कुठला?”

तिनं मुखवट्यांकडे बोट केलं. “त्यांच्यातला. ज्यानं तोंड उघडलं नाही, तो.”

लेफ्टनंट खो खो हसला. “मग जा की त्याच्याबरोबर. बोटीत जागा आहे.”

ती निघाली. लोरेतोच्या पायाशी वाकून तिनं क्रूस उचलला, ओढणीला पुसला आणि आपल्या दातांत धरला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिपायांनी मुखवटेवाल्यांना एका दोरात ओवलं आणि तिलाही त्यांच्या मागे त्याच दोराला बांधलं.

“तू सुटलास रे. चालता हो,” लेफ्टनंट लोरेतोला म्हणाला आणि रांगेच्या पुढे निघाला.

लोरेतो तिथंच उभा राहिला. चापायेकांच्या कमरेला बांधलेली हरणाची खुरं वाजत होती, तो आवाज हळूहळू लांब जात होता. रांग मेस्कीटच्या झाडांपाशी पोचली. तिथून वळण. आणखी थोडा वेळ नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंही त्याला जमलं नाही.

“आई!” त्यानं हाक मारली. आमच्या बोलीत. “आई, एकदा बघ ना गं माझ्याकडे.”

तोमासाच्या तोंडात क्रूस होता. ती तशीच चालत राहिली.

लेफ्टनंटनं घोडा वळवला.